फ्रीस्टाइल येते का?

फॉर्मवर एक रकाना होता, 'पोहण्याचे येत असलेले प्रकार'. पुढं चार चौकोन : फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय. मी पहिल्या चौकोनात खूण केली. खोटं बोलायचा हेतू नव्हता. फ्रीस्टाइल म्हणजे वाटेल तसं पोहणं, आणि वाटेल तसं मला लहानपणापासून येत होतं. सरळ हिशेब होता.

मी जळगावात एका वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. 22 वर्षं रात्रपाळी. पानं लावता लावता मानेच्या मणक्यांनी संप पुकारला, डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी भागणार नाही, चाला नाहीतर पोहा. मार्च सुरू होता. जळगावात मार्चनंतर सकाळी आठ वाजल्यापासून चालणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आणि रात्री दीडला घरी येणारा माणूस सहाला उठून चालत नसतो. म्हणून तलाव. साडेनऊची बॅच.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या ताईंनी (वय असेल चोवीस-पंचवीस, मला 'काका' म्हणायच्या) फॉर्म पाहिला आणि म्हणाल्या, "फ्रीस्टाइल येते ना? एक लांबी मारून दाखवा."

25 मीटर. मी उडी टाकली, मान वर काढली, दोन्ही हात आळीपाळीनं बाहेर फेकत, लाथा झाडत पलीकडे पोचलो. कठडा धरला तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. आजूबाजूच्या दोघांनी तोंडावरचं पाणी पुसलं, ते माझंच उडालेलं होतं.

"काका, हे काय होतं?"

"फ्रीस्टाइल."

"ही फ्रीस्टाइल नाही."

"फ्री म्हणजे मोकळी ना? मग मी मोकळाच पोहलो की."

त्या हसल्या, पण पुढं जे बोलल्या ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. "असं मान वर ताणून पोहलात तर महिन्याभरात आत्ता आहे त्याच्या दुप्पट दुखेल. तोंड पाण्यात घालून पोहायला शिका, नाहीतर पैसे परत घ्या."

मी पोहायला शिकलो तो भडगाव तालुक्यात, मामाच्या वावरातल्या विहिरीत. गिरणेला पाणी असलं तर नदीवर, नाहीतर विहिरीवर. पाठीला गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, झाकण मेणानं बंद करायचं आणि मोठ्या मामेभावानं मागून ढकलायचं. अभ्यासक्रम एवढाच. चौथ्या दिवशी डबा सुटला, सहाव्या दिवशी मी दुसऱ्याला ढकलत होतो. आता विचार करतो तेव्हा एक गंमत लक्षात येते. तिथं उड्यांना नावं होती, डोक्यावर मारली तर सूर, गुडघे पोटाशी घेऊन मारली तर मुटका. पोहण्याला नाव नव्हतं. पोहणं म्हणजे पोहणं. फार तर कोणी म्हणायचं, उताणा पोहतो, कुशीवर पोहतो. शैली हा शब्द तिकडं फिरकलाच नव्हता.

फ्रीस्टाइल हा शब्द मात्र मी आयुष्यात हजार वेळा तरी लिहिला असेल. पोहण्यासाठी नव्हे. 'सर्वसाधारण सभेत फ्रीस्टाइल', 'पाण्याच्या टँकरवरून दोन गटांत फ्रीस्टाइल', 'वरातीत नाचण्यावरून फ्रीस्टाइल हाणामारी'. तालुक्याच्या बातमीदाराला कुठलीही मारामारी पाठवताना हाच शब्द सुचतो आणि मथळ्यात तो बसतोही छान. काठ्या, चपला, खुर्च्या, जे हाती लागेल ते, ज्याला लागेल त्याला. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर या शब्दानं तलाव येत नाही, उलटलेल्या खुर्च्या येतात. माझा अंदाज असा की दारासिंगांच्या काळातल्या त्या गाजलेल्या फ्रीस्टाइल कुस्त्यांमधून हा अर्थ आपल्याकडं मुरला असावा. ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तुम्ही मारली ती तुमच्या पेपरातली फ्रीस्टाइल होती."

त्या रात्री पानं सोडल्यावर मी शब्दाच्या मागं लागलो. धंद्याची खोड.

खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते फ्रीस्टाइल कुस्तीत. तिथं 'फ्री' कशातून सुटका? कुस्तीचा दुसरा ऑलिंपिक प्रकार ग्रीको-रोमन, त्यात कमरेखाली पकड घेता येत नाही, पायांचा वापर करून डाव टाकता येत नाही. फ्रीस्टाइलमध्ये ती बंदी नाही. एवढीच मोकळीक, बाकी नियमांचं पुस्तक आहेच. पोहण्यातही तसंच निघालं. फ्रीस्टाइल हे मुळात पोहण्याच्या पद्धतीचं नावच नाही, ते शर्यतीचं नाव आहे. शर्यत फ्रीस्टाइल असेल तर पोहणाऱ्यानं कुठल्याही पद्धतीनं पोहावं. भिंतीला स्पर्श करा, सुरुवातीला आणि वळल्यावर 15 मीटरच्या आत डोकं पाण्यावर काढा, अशा थोड्या अटी. फक्त मेडली, म्हणजे चारही प्रकार एकापाठोपाठ असतात तिथं, फ्रीस्टाइलचा अर्थ आवळला जातो : बटरफ्लाय, बॅक आणि ब्रेस्ट सोडून दुसरं काहीही.

म्हणजे फॉर्म भरताना मी चुकलो नव्हतो! दुसऱ्या दिवशी मी ताईंना हे अशा थाटात ऐकवलं की जणू खटला जिंकलोय.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "शर्यत फ्रीस्टाइल. पण त्यात सगळे जे पोहतात त्याचं नाव क्रॉल. तुम्हाला क्रॉल शिकायचंय. चला, बोर्ड घ्या."

शब्द जिंकून मी फोमचा बोर्ड घेतला.

पुढच्या तीन आठवड्यांबद्दल फार अभिमानानं सांगण्यासारखं काही नाही. बोर्ड दोन्ही हातांत धरायचा आणि नुसते पाय मारत जायचं. शेजारची आठ-नऊ वर्षांची पोरं मोटारबोटीसारखी निघून जायची. मी जागच्या जागी. एकदा तर मी मागं सरकलो, हातभर. ताई म्हणाल्या, घोटे ताठ आहेत, पाऊल मागं वळत नाही, त्यामुळं पाणी मागं जाण्याऐवजी पुढं ढकललं जातंय. 22 वर्षं खुर्चीखाली दुमडून ठेवलेले पाय ते, काय वळणार. गुडघ्यातून सायकल मारायची नाही, मांडीपासून हलवायचं, घोटा सैल, जणू ओला बूट झटकून काढतोय. घरी टीव्ही बघताना मी टाचांवर बसून घोटे ताणायला लागलो तेव्हा बायकोनं विचारलं, नमाज शिकताय की योगासनं? मी म्हटलं, क्रॉल.

त्याहून अवघड श्वास. विहिरीत आमचा एकच नियम होता, पाण्यात जाताना श्वास धरायचा. इथं उलटं. तोंड पाण्यात असताना नाकातोंडानं हवा सोडत राहायची, बुडबुडे काढायचे. म्हणजे तोंड बाहेर आलं की फक्त घ्यायची. मी धरून ठेवायचो, मग तोंड बाहेर आल्याच्या त्या अर्ध्या सेकंदात सोडायचीही आणि घ्यायचीही, दोन्ही कामं व्हायची नाहीत आणि पाणी आत. दमायचो ते हवा कमी पडून नव्हे, जुनी हवा आत साठून. हे कळायला मला दहा दिवस लागले, आणि दहा दिवसांत तलावातलं पाणी मी बरंच कमी केलं.

बॅचमध्ये एक नाना होते. अमळनेरकडचे, बोरीकाठच्या गावचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. सत्तरीला टेकलेले. ते कोणाकडून काही शिकत नसत. तलावाच्या कडेच्या पट्ट्यात कुशीवर पडून, एक हात उशीसारखा पुढं, दुसऱ्यानं पाणी मागं सारत, कात्रीसारखे पाय मारत निवांत जायचे. आवाज नाही, शिंतोडा नाही. म्हैस पुरातून पलीकडे जाते तसे. अर्धा तास थांबायचे नाहीत. माझी धडपड ते रोज बघत. एके दिवशी कठड्याशी आले आणि म्हणाले, "भो, तू पानीमा पव्ही राहिना का पानीले मारी राहिना?"

पाण्याला मारतोय. प्रश्न कसला, निदानच होतं ते.

"नाना, ताई सांगतात हात जोरात मागं ओढा."

नानांनी मान हलवली. "धाकलं पोर कसं रांगस, देखेल शे का?"

लहान मूल रांगताना कोणी पाहिलेलं नसतं? पण मी पाहिलं होतं म्हणजे काय पाहिलं होतं? त्या रात्री कामावर जाण्याआधी शेजारच्या घरी गेलो. त्यांचा नातू नऊ महिन्यांचा. मी फरशीवर बसून त्याच्याकडं इतक्या एकाग्रतेनं बघत होतो की त्याची आजी अस्वस्थ झाली. पोरगं उजवा हात पुढं टाकतं तेव्हा डावा गुडघा पुढं येतो. हे एक. आणि दुसरं, महत्त्वाचं : तळहात फरशीवर टेकला की तो तिथंच राहतो. हात मागं जात नाही, पोरगं हाताच्या पुढं जातं. हात रोवलेला, अंग सरकतंय.

क्रॉल या इंग्रजी शब्दाचा साधा अर्थच रांगणं, सरपटणं. आमच्या कार्यालयात तो रोज कानावर पडतो. वेबसाइट सांभाळणारा पोरगा कुरकुरत असतो, गूगलचा क्रॉलर अजून आला नाही, बातमी सर्चला दिसणार कशी. तो क्रॉलर म्हणजे एका पानावरून दुव्याला धरून दुसऱ्या पानावर सरपटत जाणारा प्रोग्रॅम. टीव्हीवाल्यांच्या पडद्याखालून सरकत जाणाऱ्या बातम्यांच्या पट्टीलाही इंग्रजीत क्रॉल म्हणतात. सगळीकडं अर्थ एकच, जमिनीला धरून, हळूहळू. आणि पोहण्यात हेच नाव सगळ्यात वेगवान प्रकाराला! पुरुषांच्या 100 मीटर फ्रीस्टाइलचा विक्रम चीनच्या पान झानलेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये केला, 46.40 सेकंद. तेवढंच अंतर ब्रेस्टस्ट्रोकनं पोहायला ॲडम पीटीसारख्या माणसाला 56.88 लागले, आणि तोही विश्वविक्रमच आहे. दहा सेकंदांचा फरक म्हणजे शर्यतीत वीसेक मीटरचा. रांगणारा पुढं आणि बाकी सगळे मागं. म्हणूनच नियमात कुठलीही शैली चालत असताना फ्रीस्टाइलच्या शर्यतीत सगळे रांगतातच. सक्ती कोणी करत नाही, घड्याळ करतं.

हे नाव पडलं कसं याची गोष्ट ऑस्ट्रेलियाची. सॉलोमन बेटांवरून सिडनीला आलेला ॲलिक विकम हा मुलगा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या समुद्राकाठच्या तलावात आपल्या बेटावरच्या पद्धतीनं पोहला, आणि काठावरचा एक प्रशिक्षक ओरडला, बघा पोरगं कसं रांगतंय, असं सांगतात. पुढं कॅव्हिल घराण्यातल्या भावांनी ती पद्धत शर्यतीत आणली. पण युरोपनं ती त्याच्या पन्नासएक वर्षं आधीच पाहिली होती. 1844 साली लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतले दोन आदिवासी जलतरणपटू पोहून दाखवायला आले. हात पवनचक्कीच्या पात्यांसारखे फिरवत, पाय आपटत ते इंग्रजांच्या नजरेसमोरून सुसाट गेले. इंग्रजांना ते असभ्य वाटलं. किती पाणी उडवतात! आपला ब्रेस्टस्ट्रोकच बरा, म्हणून ते आणखी कित्येक वर्षं बेडकासारखं पोहत राहिले. कॅप्टन वेबनं 1875 मध्ये इंग्लिश खाडी पार केली तीही ब्रेस्टस्ट्रोकनं, पावणेबावीस तासांत. 1926 मध्ये गर्ट्रूड एडर्लीनं तीच खाडी क्रॉलनं साडेचौदा तासांच्या आसपास ओलांडली.

हे वाचून मला विहिरीतल्या आमच्या हात फेकण्याबद्दल थोडं बरं वाटलं. फ्रेंच आणि जर्मन लोक या प्रकाराला आजही क्रॉलवरूनच आलेल्या नावानं ओळखतात. आपल्याकडं मात्र शर्यतीचं नाव शैलीला चिकटलं आणि मराठी क्रीडापानावर ते 'मुक्त शैली' झालं. मीच केलंय हे भाषांतर कितीदा. 2018 मध्ये मुरलीकांत पेटकरांना पद्मश्री मिळाली तेव्हा, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या सांगलीकडच्या जवानानं 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर मुक्त शैलीत सुवर्ण जिंकलं, असं मी सफाईनं लिहिलं होतं. 37.33 सेकंद, तोही त्या वेळचा विश्वविक्रम. मुक्त शैलीत तो माणूस नेमका काय करत पोहला असेल, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरलो तो शेजारच्या नातवाला डोळ्यांसमोर ठेवून. हात पुढं टाकला, थोडा खाली नेला, कोपर वर ठेवलं, तळवा आणि मनगटापासूनचा हात पाण्यात उभा रोवला. ओढायचं नाही. रोवलेल्या हाताच्या पुढं आपण जायचं. पहिल्या चार हातांत काही कळलं नाही. पाचव्याला पाणी घट्ट लागलं. फरशीइतकं नव्हे, पण मळलेल्या कणकेइतकं. आणि मी पुढं सरकलो. माझ्या लाथांनी जे 46 वर्षांत झालं नव्हतं ते एका हातानं केलं.

मग बाकीच्या गोष्टी त्या मागोमाग येत गेल्या. अंग कुशीवर कललं की खांदा मोकळा होतो, तोंड आपोआप बाजूला येतं, मान ताणावी लागत नाही. ताई सुरुवातीपासून सांगत होत्या ती एक गोष्ट आता पटली : डोकं पाणी कापत पुढं जातं तेव्हा तोंडाशेजारी पाण्याला खळगा पडतो. एक डोळा पाण्यात, एक बाहेर, ओठ तिरपे. आजूबाजूच्या पाण्याच्या पातळीखाली असूनही त्या खळग्यात हवा असते. डोकं उचललं की खळगा जातो आणि पाय बुडतात. हवेसाठी वर जायचं नसतं, बाजूला वळायचं असतं. विहिरीत वाढलेल्या माणसाला यावर विश्वास ठेवायला जिवावर येतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुशीत हसलो आणि अर्थातच पाणी प्यालो.

मेअखेर तलावावर उन्हाळी शिबिराचा समारोप होता. फळ्यावर खडूनं लिहिलेलं : '45 वर्षांवरील, 50 मी. फ्रीस्टाइल'. आम्ही पाच जण. नानाही उभे राहिले. कोणी म्हणालं, नाना, तुम्हाला फ्रीस्टाइल कुठं येते? नाना म्हणाले, "मी ते पव्हाले उनू." मी तर पोहायला आलोय.

शिट्टी झाली. खोल बाजूनं सुरुवात, 25 वर उथळ बाजूला वळायचं. जाताना मी खरोखर छान रांगलो. वळताना भिंतीला हात लावला, ढकललो, आणि नाकात पाणी गेलं. ठसका. पाच-सहा मीटरवर पाय खाली टेकवून उभा राहिलो, दोनदा खोकलो, परत पोहायला लागलो. शेवटून दुसरा आलो. माझ्या आधी नाना, कुशीवर, त्यांच्या रोजच्याच चालीनं, केसही न भिजवता. तिसरे.

घड्याळ धरलेला पोरगा पुढच्या बॅचचा. त्यानं दोघांनाही बाद केलं. मी मध्ये उभा राहिलो म्हणून, आणि नाना 'फ्रीस्टाइल सोडून भलतंच' पोहले म्हणून. नाना टॉवेल खांद्यावर टाकून निघालेच होते. भांडायची त्यांना सवय नाही, मला आहे. मी त्याला नियम ऐकवला : फ्रीस्टाइलमध्ये कुशीवर, उताणं, पालथं, सगळं चालतं. तो ताईंकडं बघायला लागला. ताई म्हणाल्या, "काका बरोबर बोलताहेत. आणि काकांचंही बाद करू नको. फ्रीस्टाइलमध्ये तळाला उभं राहिलेलं चालतं, फक्त चालत जायचं नाही. काका, चाललात का?"

"ठसकलो. चाललो नाही."

नानांना तिसऱ्या क्रमांकाचा स्टीलचा डबा मिळाला. त्यांनी तो उघडून आत पाहिलं, रिकामा होता, आणि मला म्हणाले, "पाठीले बांधाले बरा शे."

जूनमध्ये फॉर्म नव्यानं भरायचा होता. तोच रकाना, तेच चार चौकोन. या वेळी मी खूण केली नाही, बाजूला पेनानं 'क्रॉल' लिहिलं. खिडकीतल्या माणसानं चष्मा वर करून विचारलं, "हे काय?"

"मला येतं ते."

त्यानं चौकोन वरून खाली दोनदा वाचले. मग कागद स्वतःकडं वळवून घेतला, मी लिहिलेलं खोडलं आणि फ्रीस्टाइलवर खूण करून म्हणाला, "पुढच्या वेळी नीट भरत जा. तीन महिन्यांचे की सहा?"